आधी घरचं डोकं

सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर अर्धंच वर असलं, की गल्लीतल्या जुन्या लोकांना बरोबर कळायचं, आज आत केसांना लावायची नवी बाटली उघडणार. त्या दिवशी गिऱ्हाइकाला आत घेत नसत. आत फक्त घरची माणसं, थर्मासभर चहा आणि मधल्या खुर्चीत मधली मुलगी.

हा नियम आईचा. तिचं दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली आणि एक आरसा, एवढंच होतं, त्या काळात तिनं एका गिऱ्हाइकाला नवीनच निघालेला रंग लावला आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईचं कपाळ कानापर्यंत सुजून आलं. त्या बाईनं भांडण काढलं नाही, पण गप्पही बसली नाही. पुढे कित्येक महिने त्या आरशात आईशिवाय कोणी पाहिलं नाही. तेव्हा आईनं ठरवून टाकलं, की बाहेरच्या डोक्याला जे लागणार ते आधी घरच्या डोक्याला लागेल. सुरुवातीला ते डोकं तिचं स्वतःचंच होतं. ते पिकलं, विरळ झालं, मग पाळी मुलांवर आली. थोरलीचे केस वडिलांसारखे, सुतासारखे सरळ. त्यांना आणखी सरळ काय करणार? धाकट्याचं डोकं तर ऐन पंचविशीत चकाकायला लागलेलं. राहिली मधली. तिचे केस आजीवर, म्हणजे आईच्या आईवर गेलेले, दाट, कुरळे, कंगव्याचे दात मोडणारे. "असलं डोकं शोधून सापडायचं नाही," असं आई चारचौघांत सांगायची. मधलीचं जन्मात जे काही कौतुक झालं, ते बहुतेक सगळं मानेच्या वरचंच झालं.

आता दुकान मोठं होतं, पाच खुर्च्यांचं. केस सरळ करणारी म्हणून थोरलीचं नाव लांबवर गेलं होतं. तिच्या हाताखालून गेलेले केस बघून बायका शेजारणीला घेऊन यायच्या. धाकटा माल आणायचा आणि गोड बोलायचा. आई दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवायची. आणि मधली गल्ल्यामागे बसायची, फोन घ्यायची, टॉवेल धुऊन गच्चीत वाळत घालायची. तिचं आणखी एक काम होतं, जे कोणी तिला नेमून दिलं नव्हतं. बिचकणारं गिऱ्हाईक आलं की थोरली लांबूनच बोट दाखवायची, "ती बघा, माझी बहीण. आधी घरच्यांना लावतो आम्ही, मगच तुम्हाला." गिऱ्हाईक मधलीच्या खांद्यावरून सुळकन खाली आलेले काळेभोर केस बघायचं आणि खुर्चीत जाऊन बसायचं. तिच्या तोंडाकडे फारसं कोणी बघत नसे.

राहायला ती दुकानाच्या वरच्या खोलीत होती. आई धाकट्याकडे, थोरली दोन गल्ल्या पलीकडे तिच्या घरी. दुकान बंद झालं की सगळे आपापल्या वाटेनं जायचे आणि मधली जिना चढून वर यायची. लग्नाचं म्हणाल तर तो विषय घरात हळूहळू कमी निघायला लागला आणि मग कधीतरी निघेनासाच झाला. कोणी वाईट वागवत होतं असं मुळीच नाही. तिला काय हवं-नको ते विचारलं जायचं, पण जिन्यावरून उतरता उतरता, चपला घालता घालता.

फक्त बाटलीचा दिवस तेवढा तिचा होता. सकाळी थोरली तिचे केस धुवायची, बोटांनी डोकं चोळून चोळून. मग बट बट वेगळी करून लेप लावायचा, थांबायचं, पुन्हा धुवायचं, वाळवायचं आणि तापलेलं मशीन एकेका बटेवरून ओढायचं. चांगला अर्धा दिवस जायचा. तेवढा वेळ थोरलीचे हात तिच्या केसांत असायचे आणि तोंड गप्पांत. सासरच्या कुरबुरी, लेकीच्या तक्रारी, लहानपणी दोघींनी केलेले उद्योग, सगळं निघायचं. आई मध्येच उठून एखादी बट हातात घेऊन उजेडाकडे धरायची. धाकटा बिस्किटांचा पुडा फोडून पहिलं मधलीच्या तोंडात घालायचा, कारण तिचे हात कापडाखाली असायचे. एरवी वर्षाकाठी तिला कोण हात लावायचं? भाजीवाला सुटे पैसे देताना, तेवढाच.

आणि म्हणूनच थोरलीनं "चुरचुरतंय का गं?" असं विचारलं, की मधली "नाही" म्हणायची. चुरचुरायचं. कधीकधी तर डोक्यावर मिरची वाटल्यासारखं व्हायचं. पण हो म्हटलं असतं तर थोरलीनं लगेच धुऊन टाकलं असतं, बाटली परत गेली असती आणि जेवणाच्या आत सगळे घरी. मधलीनं हा हिशेब कधी मनाशी नीट मांडला नव्हता. तोंडातून आपसूक नाहीच निघायचं.

मागच्या वर्षी एका बाटलीनंतर तिला उलट्या सुरू झाल्या, पाठ दुखायला लागली, लघवी कमी झाली. मूत्रपिंडं बिघडल्याचं निघालं. चार दिवस सलाईन झालं आणि आपोआप सुधारणा झाली. कारण सापडलं नाही. घरात मात्र कारणांची वाण नव्हती. आई म्हणाली, ही उपाशी राहते. थोरली म्हणाली, पाणी पीत नाही. धाकटा म्हणाला, एकटी राहून राहून फार विचार करते. या वर्षी पुन्हा तसंच झालं आणि या वेळी जास्त झालं. पाय सुजले, चेहरा सुजला, आणि तिला दवाखान्यातल्या खाटेवर बरेच दिवस पडून राहावं लागलं.

मूत्रपिंडाच्या डॉक्टर एक बाईच होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बाकीच्या प्रश्नांच्या ओघात विचारलं होतं, "केसांना काही करता का? रंग, स्ट्रेटनिंग?" मधलीनं नाही म्हणून सांगितलं होतं. मग एका सकाळी नर्स तिचे केस विंचरताना म्हणाली, "किती मऊ आहेत हो. कुठं केलेत?" आणि मधली अभिमानानं म्हणाली, "आमच्याच दुकानात." ते डॉक्टरांच्या कानावर गेलं. दुपारी त्या स्टूल ओढून खाटेजवळ बसल्या.

"तुम्ही तर नाही म्हणाला होता."

"मी नाही करत. आमच्याकडे नवीन बाटली आली की बघतात आधी."

"कशावर बघतात?"

"माझ्या डोक्यावर."

डॉक्टरांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "पूर्वीच्या बाटल्यांत फॉर्मॅलिन असायचं. मशीन फिरवलं की त्याची वाफ डोळ्यांत आणि छातीत जायची. आता काही बाटल्यांतून ते काढलं, तर लोक निर्धास्त झाले. पण त्याच्या जागी काय घातलं ते कोणी विचारत नाही. काहींमध्ये एक आम्ल असतं, ते डोक्याच्या कातडीतून रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात त्याचे बारीक कण साचतात. सगळ्यांना होतं असं नाही. तुम्हाला दोन्ही वेळा त्यानंच झालं असं मला वाटतं. मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. पण तिसऱ्यांदा करून बघायची माझी तयारी नाही. तुमची आहे का?"

मधली घरी आली ती हे सगळं गिळून. आज सांगू, उद्या सांगू करत दिवस जात राहिले. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? आईच्या नियमानं आणि थोरलीच्या हातांनी मला आजारी पाडलं, हेच ना. आणि सांगून झाल्यावर पुढे काय? एक दिवस होता, तोही जाणार.

नवी बाटली आली तेव्हा ती अजून थकलेलीच होती. सुट्टीच्या दिवशी खालून शटरचा आवाज आला, थोरलीचा खोकला ऐकू आला. थोरली अलीकडे सारखी खोकायची; गिऱ्हाईक गेलं की मागच्या दारात जाऊन खोकून यायची आणि धुळीला नावं ठेवायची. मधली केस मोकळे सोडून जिना उतरली. आपण खुर्चीत बसायच्या आधी सांगू, असं तिनं ठरवलं होतं. निदान केस धुऊन झाल्यावर. निदान लेप कालवायच्या आधी.

खाली आली तर खुर्चीत छकुली बसलेली.

छकुली म्हणजे थोरलीची एकुलती एक. आता कॉलेज संपवून नोकरीला लागणार होती, तरी नाव छकुलीच राहिलं होतं. आईच्या आईचे केस घरात दोघींकडेच आले होते, एक मधली आणि एक ही. छकुलीनं ते कधी गोड मानून घेतले नव्हते.

"ये गं," थोरली म्हणाली. "तू आज नुसती बस. काही करायचं नाही. एवढी दवाखान्यातून आलीस, तुला कुठे तासन् तास खुर्चीत बसवू? या वेळी ही बसणार आहे. मागेच लागली होती."

"मावशी, नोकरीच्या पहिल्या दिवशी तुझ्यासारखे केस घेऊन जाणार मी," छकुली आरशातून म्हणाली. "हे झुडूप घेऊन कोण जाईल?"

"झुडूप म्हणू नकोस, आजी ऐकतेय," धाकटा म्हणाला. "तिच्या आईचं झुडूप आहे ते."

आई दाराजवळच्या तिच्या खुर्चीत बसून हसली. धाकट्यानं मधलीसाठी भिंतीकडचं स्टूल पुढे सरकवलं, तिच्या हातात चहा दिला. सगळ्यांनी तिची काळजीच घेतली होती. तिला चकार शब्द न बोलता सुटका मिळाली होती.

थोरलीनं छकुलीच्या गळ्याभोवती कापड बांधलं, दोन्ही हात तिच्या केसांत घातले. मधलीला भीती नंतर वाटली. आधी आला तो निव्वळ मत्सर. आपल्या जागेवर दुसरी बसली, आणि तीही पोटची पोर. आता पुढच्या वेळीही हीच बसणार, त्याच्या पुढच्याही वेळी. थोरली बोलत होती, कोणाची सासू काय म्हणाली ते सांगत होती, आणि ते छकुलीच्या टाळूला सांगत होती. मधलीला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिनं कप खाली ठेवला. पोरीचा जीव धोक्यात आहे आणि आपण इथे रुसून बसलोय.

धाकटा बाटली उघडत होता. "ही तर एकदम सौम्य आहे. फॉर्मॅलिनचा थेंब नाही. वरच छापलंय."

"थांबा," मधली म्हणाली.

तिच्या घरात कोणी थांबा म्हटल्यावर थांबायची सवय नव्हती, त्यातून मधलीनं म्हटल्यावर तर नाहीच. धाकट्यानं लेप वाटीत ओतलासुद्धा.

"ताई, तिला लावू नकोस ते. मला जे झालं ते त्यानंच झालं."

थोरलीचा हात केसांतच राहिला. "कशानं?"

"बाटलीनं. डॉक्टर म्हणाल्या. कातडीतून आत जातं आणि मूत्रपिंडात बसतं. मागच्या वर्षीही तेच. आठव तू, दोन्ही वेळा बाटलीनंतरच मी पडले."

मग धाकटा हसला, पण त्याला नीट हसता आलं नाही. "अगं, डॉक्टरांचं काय? त्यांना कारण सापडलं नाही की कशावर तरी ढकलायचं असतं. आपल्याकडे एवढ्या बायका करून जातात. कुठे कोण पडलं?"

"सगळ्यांना होत नाही म्हणाल्या. आणि पडलं असेल कोणी, तर ते आपल्याला येऊन सांगणार आहे का? उलट्या झाल्या तर माणूस आदल्या दिवशीच्या जेवणाला नावं ठेवतं. तुम्हीही तेच केलंत."

"पण यात फॉर्मॅलिन नाहीच," धाकट्यानं बाटली तिच्यापुढे धरली. "वाच ना."

"नाही ते वाचलं मी. आहे काय ते सांग."

धाकट्यानं बाटली फिरवून बघितली, डोळे बारीक केले आणि काउंटरवर ठेवून दिली. आणतो तोच, विकतो तोच, पण आत काय आहे ते त्यालाही माहीत नव्हतं, आणि आजवर कोणी विचारलंही नव्हतं.

थोरलीनं केसांतून हात काढले. तिचा चेहरा लाल झाला होता. "हे तुला कधी सांगितलं त्यांनी?"

"दवाखान्यात असताना."

"आणि आज सांगतेयस? माझी पोर खुर्चीत बसल्यावर?"

"मला वाटलं मीच बसणार आहे."

"म्हणजे तू बसणार असतीस तर बोलली नसतीस?"

मधलीला खोटं बोलता आलं असतं. पण तिला त्या घडीला काही सुचलं नाही. "माहीत नाही," ती म्हणाली.

"काय बाई आहे ही!" थोरलीनं आईकडे बघितलं. "ऐकलंस? जीव जायची वेळ आली तरी ही तोंडात मूग धरून बसणार. आणि मी? मी रोज त्या धुरात उभी असते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. हिच्या डोक्याला वर्षातून चारदा लागतं तर ही दवाखान्यात, मग माझं काय व्हायला हवं?" आणि एवढं बोलेपर्यंत तिला खोकला आला. तो लवकर थांबेना. ती आरशाच्या कडेला धरून खोकत राहिली. खोकला थांबल्यावर तिनं वर बघितलं, तेव्हा सगळे तिच्याकडेच बघत होते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोकल्याचंच आहे, असं आता तिलाही खात्रीनं म्हणता येत नव्हतं.

"धूळ आहे," ती म्हणाली.

छकुलीनं गळ्याचं कापड सोडवायला हात मागे नेला आणि मध्येच थांबवला. "एकदाच केलं तर? एकदा केल्यानं काय होतंय? मावशीनं इतक्या वेळा केलं."

"नाही," मधली म्हणाली. एवढ्या जोरात तिनं त्या दुकानात आजवर काही म्हटलं नव्हतं. "तुझे केस माझेच आहेत छकुले. कातडीपण माझीच असली तर? एकदाही नको."

मग आई बोलली. इतका वेळ ती हातातल्या रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती.

"चुरचुरायचं का तुला?"

मधलीनं मान हलवली.

"दर वेळी?"

"बहुतेक वेळा."

"ही विचारायची तुला. मी इथे बसून ऐकायचे. तू नाही म्हणायचीस."

"हो."

"तुझ्या नाहीवर मी गिऱ्हाइकांना बसवलं," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "आपल्याला त्रास झाला तर कळावा, म्हणून घरचं डोकं. दुसरं कशाला असतं ते? मग खोटं का सांगितलंस?"

याचं उत्तर मधलीला चांगलं ठाऊक होतं. तुम्ही सगळे घरी गेला असता म्हणून. एवढंच वाक्य. ते ओठांपर्यंत आलं. पण समोर तिची आई बसली होती, बहीण उभी होती, भाऊ काउंटरला टेकला होता, पोरगी अर्धवट बांधलेल्या कापडात बघत होती, आणि यातल्या कोणालाही कधी घरी कोणी नाही म्हणून दुखणं गिळून बसायची वेळ आली नव्हती. त्यांना ते कळलं नसतं. आणि कळलं असतं तर आणखीच वाईट झालं असतं. मग ते कीव म्हणून आले असते.

"मला वाटलं तेवढं चालतं," ती म्हणाली.

आईला खरं कळलं की नाही कोण जाणे. म्हातारीला बरंच कळायचं आणि त्यातलं बरंच ती कळलं नाही असं दाखवायची. ती उठली, काउंटरजवळ गेली आणि लेपाची वाटी उचलून बेसिनमध्ये पालथी केली.

"आई," धाकटा म्हणाला, "अगं पण लोक येतात ते ताईच्या स्ट्रेटनिंगसाठी. ते बंद केलं तर दुकानात राहिलं काय? कापणं आणि धुणं? त्यापेक्षा असं करू, घरच्यांना लावायला नको. गिऱ्हाइकाला आधीच विचारू, तुम्हाला त्रास होतो का म्हणून."

"मी जिवंत असेपर्यंत तरी नाही," आई म्हणाली. "जे माझ्या नातीला लावायचं नाही ते दुसऱ्याच्या नातीला लावायचं नाही. कापा आणि धुवा. मी त्यावरच तुम्हाला वाढवलंय."

"तुझं ठीक आहे," थोरली म्हणाली. "माझ्या हाताला दुसरं काय येतं? या हातानं नाव कमावलं मी." मग मधलीकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली, "तू पहिल्या वेळीच हो म्हणाली असतीस ना, तर मी तेव्हाच सोडलं असतं. माझी छाती तरी वाचली असती." ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती थकून म्हणाली.

छकुलीनं कापड सोडलं, केस वर बांधले. थोरलीनं पर्स घेतली. धाकट्यानं बाटलीचं झाकण लावलं आणि ती परत करायला पिशवीत टाकली. आईनं जाताना मधलीच्या खांद्यावर हात ठेवला, पण दुसऱ्या हातानं ती चपलेचा पट्टा चढवत होती, त्यामुळे तो आधारासाठी ठेवला की आणखी कशासाठी, हे मधलीला समजलं नाही. चहा थर्मासात तसाच राहिला. अजून जेवणाची वेळही झाली नव्हती.

पुढे दुकान चाललं, बंद काही पडलं नाही. स्ट्रेटनिंगच्या बायका आल्या आणि नाक मुरडून दुसरीकडे गेल्या. दोन खुर्च्यांवर टॉवेलांचे गठ्ठे यायला लागले. थोरली छातीच्या डॉक्टरकडे जाऊन आली, औषधाचा पंप घेऊन आली, तो गिऱ्हाइकासमोर ओढायची तिला लाज वाटायची. मधलीशी ती कामापुरतं बोलायची. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं.

मधलीची मूत्रपिंडं हळूहळू ताळ्यावर आली. डॉक्टर खूश होत्या. केसांच्या मुळाशी बोटभर कुरळं यायला लागलं आणि खाली सरळ, त्यामुळे डोकं दोन बायकांचं मिळून केल्यासारखं दिसायचं. गल्ल्यामागच्या तिच्याकडे आता कोणी बोट दाखवत नव्हतं.

सुट्टीचे दिवस आले आणि गेले. पहिल्यांदा ती सवयीनं खाली उतरली, शटर अर्धं वर केलं, खुर्च्या पुसल्या आणि मग तिच्या लक्षात आलं, की कोणी येण्याचं काही कारणच नाही. नवी बाटली नाही, तर सुट्टीच्या दिवशी दुकानात कोण कशाला येईल? ती शटर ओढून वर आली.

नंतरच्या एका सुट्टीला, दुपारी, तिनं थोरलीच्या घरी फोन केला. विचारायचं निमित्त होतं, टॉवेल नवीन मागवायचे का. फोन छकुलीनं उचलला. मागे बरीच बडबड चालली होती. धाकट्याचा आवाज होता, आईचाही.

"मावशी! तू का नाही आलीस? सगळे आलेत."

मधलीला कोणी बोलावलं नव्हतं. तिला वगळायचं म्हणून वगळलं, असं मुळीच नव्हतं. आजवर तिला कधी बोलवावंच लागलं नव्हतं. ती बसायची तिथेच सगळे जमायचे. आता जमायची जागा बदलली होती आणि हे सांगायला हवं, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. हे समजायला तिला थोडा वेळ लागला. तेवढ्या वेळात ती म्हणाली, "काम होतं गं. नोकरी काय म्हणते?"

"मस्त. केसांवरून रोज कोणीतरी बोलतं. एक बाई तर म्हणाली, मुद्दाम असे करून घेतलेत का?"

"मग?"

"मग काय, हो म्हटलं," छकुली हसली. "थांब, आजीला देते."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. मधली थांबली. आई फोनवर आली नाही. धाकटा काहीतरी सांगत होता, त्यावर सगळे हसले, आई सगळ्यात शेवटी हसली. कपबशा वाजल्या. मग छकुलीचं "आई गं, दुखतंय" ऐकू आलं, आणि मधलीला कळलं की थोरली तिला पुढ्यात घेऊन बसली आहे आणि ओल्या केसांतला गुंता सोडवते आहे. नुसता कंगवा, दुसरं काही नाही. फोनचं सगळे विसरून गेले होते.

"मान सरळ," थोरलीचा आवाज आला, अगदी जवळून, पूर्वीसारखा. "हलू नकोस जरा."

वरच्या खोलीत, फोन कानाला लावून, मधली हलली नाही.